विधी राहिला, नियम सुटला

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नाशिकचा सिंहस्थ २०२७ साली आहे आणि त्याच्या तयारीच्या बातम्या आपल्या दैनिकात येत असतात. त्याच्या पाठोपाठ, २०२८ साली, गुरू कन्या राशीत येईल आणि आपल्या कृष्णामाईचा कन्यागत महापर्वकाळ लागेल. मागचा २०१६ च्या ऑगस्टमध्ये लागला होता. वाई, क्षेत्र माहुली, कऱ्हाड, औदुंबर, सांगली, हरिपूर, नृसिंहवाडी अशा साऱ्या काठावर आता घाटदुरुस्ती, रस्ते, वाहनतळ, शौचालये यांच्या मागण्या सुरू होतील. त्या रास्तच आहेत. मात्र घाटावर नदीशी कसे वागायचे याचे नियम आपल्या शास्त्रात आणि रूढीत आधीपासून आहेत आणि त्यांना एक रुपयाचाही निधी लागत नाही. विधी आपण निष्ठेने चालवला, त्याच्यासोबतचे नियम मात्र वाटेत सुटले. हे पत्र त्याविषयी आहे. थोडे लांबेल, पण विषय कृष्णामाईचा आहे.

आधी कन्यागत म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. गुरू एका राशीत साधारण वर्षभर राहतो आणि बारा वर्षांत बारा राशी फिरून येतो. प्रत्येक राशीला एक नदी मानली आहे. मेषेला गंगा, कर्केला यमुना, सिंहेला गोदावरी, कन्येला कृष्णा, तुळेला कावेरी. गुरू कन्येत असेपर्यंत गंगा कृष्णेत येऊन राहते, ही आपली श्रद्धा. ही गंगा एका सकाळपुरती येत नाही, गुरू कन्येत असेतो तिचा मुक्काम असतो. आंध्र-तेलंगणात पहिल्या बारा दिवसांचे पुष्कर फार मोठे मानतात, आपल्याकडे सारा काळच पर्वकाळ धरतात. म्हणून पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासाला लाखोंनी एका घाटावर उतरण्याचे काही कारण नाही. ऑगस्टमध्ये नदी भरलेली असते आणि पायऱ्या पाण्याखाली असतात. वृद्धांना घेऊन येणाऱ्यांनी थंडीतला दिवस धरावा. पुण्य तेवढेच आणि पायऱ्याही मोकळ्या.

कृष्णेचे माहात्म्य सांगणारी कथा आपल्याकडे बहुतेकांना अर्धीच ठाऊक असते. सह्याद्रीवर ब्रह्मदेवाने यज्ञ मांडला. सावित्री वेळेवर आली नाही, म्हणून तिच्या जागी गायत्रीला बसवले. सावित्रीने रागाने शाप दिला आणि देवांच्या नद्या झाल्या. विष्णूची कृष्णा, शिवाची वेण्णा आणि ब्रह्मदेवाची ककुद्मती, म्हणजे आपली कोयना. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच धारा एकत्र पडताना दिसतात. तिथेच भागीरथीची धार बारा वर्षांनी आणि सरस्वतीची साठ वर्षांनी येते असे मानतात. सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते. कृष्णा, वेण्णा आणि कोयना आपल्या वाट्याला आल्या.

ही कथा मनात ठेवून नकाशा पाहिला की संगमांचा अर्थ उलगडतो. क्षेत्र माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात, म्हणजे हरी आणि हर. म्हणूनच तिथे विश्वेश्वर आहे आणि पलीकडच्या काठावर रामेश्वर आहे. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन एकमेकींना भिडतात आणि मिळून पूर्वेला वळतात, तो प्रीतिसंगम. हरिपूरला वारणा येते, तिथे संगमेश्वर. नृसिंहवाडीला पंचगंगा येते, तिथे दत्तमहाराजांच्या पादुका. संकल्पात ‘कृष्णावेणी’ असे जोडनाव येते, तेही कृष्णा-वेण्णेचे. विष्णूचे रूप असूनही आपण तिला माई म्हणतो, वाईकर कृष्णाबाई म्हणतात आणि तिचा उत्सव घाटाघाटाने, आळीआळीने करतात. लेकुरवाळ्या आईशी जसे बोलावे तसे आपले लोक या नदीशी बोलत आले आहेत.

संकल्पाचे आणखी एक सांगण्यासारखे आहे. कुठल्याही पूजेच्या आरंभी आपण देश आणि काळ उच्चारतो. काळ म्हणजे संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी. देश म्हणजे जंबुद्वीप, भरतखंड, दक्षिणापथ आणि मग नदीचा काठ. गोदावरीच्या दक्षिण तीरी, कृष्णावेणीच्या उत्तर तीरी, असे. गावाचे नाव, तालुका, पिनकोड यांपैकी काही नाही. धार्मिक अर्थाने माणसाचा पत्ता म्हणजे त्याच्या नदीचा काठ. त्या पत्त्यावरचे पाणी आंघोळीलायक नसेल, तर संकल्प कशाच्या बळावर सोडायचा?

स्नानाआधी नद्यांना बोलावण्याचा श्लोक घराघरात म्हणतात. त्यात सात नद्यांची नावे आहेत: गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी. कृष्णेचे नाव त्यात नाही, याचे पुष्कळांना वाईट वाटते. पण कृष्णेत उभे राहून तो श्लोक म्हटला की सात बाहेरच्या आणि आठवी आपली, अशा साऱ्या तिथे हजर होतात. शिवाय हा श्लोक घरच्या बादलीवरही म्हणतात. याचा सरळ अर्थ असा की बोलावल्यावर नदी बादलीतही येते. ज्यांना सर्दी-पडसे आहे, त्वचेचा आजार आहे, उघडी जखम आहे किंवा ज्यांचे वय झाले आहे, त्यांनी घरीच हंड्यात कृष्णेचे पळीभर पाणी घालून, आवाहन करून स्नान करावे. तेही कृष्णास्नानच आहे. हे आम्ही सोय म्हणून सांगत नाही, त्या आवाहनाचा अर्थच तो आहे.

आता स्नानाचे नियम. मळ काढण्याचे स्नान वेगळे आणि तीर्थस्नान वेगळे. पहिल्याला मलापकर्षण स्नान म्हणतात. ते घरी किंवा पात्राच्या बाहेर, पाणी जमिनीत जिरेल अशा जागी करायचे. साबण, शिकेकाई, उटणे, तेल जे काही लावायचे ते तिथे. त्यानंतर स्वच्छ अंगाने पात्रात उतरायचे, नाभीइतक्या पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून उभे राहायचे आणि तीन बुड्या मारायच्या. प्रवाहाकडे तोंड असले की अंगावरून गेलेले पाणी मागे जाते, पुन्हा तोंडात येत नाही. नदीत थुंकणे, चूळ टाकणे, लघवी करणे याला स्मृतिग्रंथांत स्पष्ट मनाई आहे. घाटावर अंगाला साबण लावून सरळ पात्रात उडी मारणारा माणूस तीर्थस्नान करतच नसतो. त्याचे पहिलेच स्नान अजून चालू असते आणि तेही चुकीच्या जागी.

आचमनाचे मापही ठरलेले आहे: उडदाचा एक दाणा बुडेल इतके पाणी, तळहाताच्या खळग्यात. ओंजळभर नव्हे. शहराच्या खालच्या अंगाला तर तेवढेही नदीतून घेऊ नये. घरून उकळून गार केलेले पाणी तांब्यात आणावे आणि आवाहन करून त्याचेच आचमन करावे. शहराचे सांडपाणी जिथे नदीत येते, तिथल्या घाटावर आचमनाचा आग्रह धरणे म्हणजे यजमानाला आजारी पाडणे. शहराचे सांडपाणी कृष्णेत आणणाऱ्या शेरी नाल्याचे दुखणे सांगलीकरांना नव्याने सांगायला नको. सार्वजनिक स्नानासाठी पाणी कसे असावे याचे सरकारी मानक आहे. त्यानुसार एका लिटरमध्ये विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम हवा, जैविक प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅमच्या वर नको आणि विष्ठेतून येणारे जिवाणू १०० मिलिलिटरला ५०० पर्यंत असावेत, फार तर २,५००. पर्वकाळात प्रत्येक घाटावर पाण्याच्या पातळीच्या फलकाशेजारी हे तीन आकडेही रोज लिहिले जावेत, एवढी आमची मागणी आहे.

स्नान झाल्यावरचा एक विधी जवळजवळ विसरला गेला आहे. अंगावरचे ओले वस्त्र काढून ते काठावर पिळायचे. ते पिळलेले पाणी कुळातल्या ज्यांना पाणी द्यायला कोणी उरले नाही, अशा निपुत्रिक गेलेल्यांसाठी. याला वस्त्रनिष्पीडन म्हणतात. धोतराचा पीळ घट्ट होत जातो, पाण्याची धार बारीक होत होत थेंबांवर येते आणि कोरड्या दगडावर त्याचा काळा ओघळ उमटतो. वस्त्र पिळायचे ते जमिनीवर, पाण्यात पिळायचे नाही. म्हणजे वस्त्राचा मळही नदीत जाऊ नये, एवढी काळजी विधी घालणाऱ्याने घेतली होती. आज त्याच्या अगदी उलट चालते. ग्रहपीडा जावी म्हणून अंगावरचे कपडेच नदीत सोडायला सांगतात. स्नानविधीत याला कुठेही आधार नाही. जे हे सांगतात त्यांनी तो दाखवावा.

सोडलेले कपडे जातात कुठे? इथे नदीचे आजचे रूप समजून घेतले पाहिजे. ‘वाहत्या पाण्यात सोडले की समुद्राला मिळते’ ही समजूत पावसाळ्यापुरती बरी. पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडाशी काढतात. मधले सहा-सात महिने आपली कृष्णा म्हणजे एकापुढे एक मांडलेली लांबलचक तळी असतात. दोन खांबांच्या मधल्या खाचांत बरग्यांच्या दोन रांगा बसवतात आणि त्यांच्यामध्ये माती भरून पाणी अडवतात. पॉलिएस्टरची साडी किंवा ब्लाउजपीस वाहत येऊन त्या खाचेत अडकले की बरगा नीट बसत नाही आणि फटीतून पाणी झिरपत राहते. कापड दोन बरग्यांत गुंडाळले गेले, तर बरगा काढतानाही अडतो. सुती खण असता तर काही महिन्यांत कुजून गेला असता. पॉलिएस्टर वर्षानुवर्षे तसेच राहते. त्रिपुरी पौर्णिमा आणि कार्तिकस्नान नेमके बरगे पडण्याच्या सुमारास येतात, म्हणजे आपण सर्वात जास्त सोडतो तेव्हाच नदी सर्वात कमी वाहून नेते.

कृष्णामाईची ओटी भरताना हे लक्षात ठेवावे. ओटीत खण, नारळ, तांदूळ किंवा गहू, हळद-कुंकू, सुपारी, हळकुंड, खोबऱ्याची वाटी, फुले एवढे पुरते. सूप घेऊन पाण्याशी जायचे, माईला हळद-कुंकू वाहायचे, ओटीला पाण्याचा स्पर्श करायचा, चिमूटभर तांदूळ आणि एक फूल पाण्यात सोडायचे आणि बाकीची ओटी देवळात किंवा सवाष्णीला द्यायची. ओटीतला खण कुणीतरी नेसावा यासाठीच असतो. दुकानात मिळणारी तयार ओटी प्लास्टिकच्या पिशवीत बंद असते. त्यात प्लास्टिकच्या बांगड्या, आरसा, फणी असते आणि पुष्कळ लोक ती न फोडता तशीच पाण्यात टाकतात. बंद पिशवीतली ओटी माईच्या पदरात पडली असे कसे म्हणायचे?

दीपदानाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण चूक इथे सर्वात जास्त होते आणि ती सुधारणेही सर्वात सोपे आहे. द्रोण पळसाचा किंवा वडाच्या पानाचा, काडीने टाचलेला घ्यावा. स्टेपलरची पिन लावलेला नको, आतून चकचकीत मुलामा दिलेला कागदी द्रोण नको आणि थर्माकोल तर नकोच. कणीक घट्ट मळावी, पाणी कमी आणि तुपाचे बोट लावून. दिव्याचा तळ बोटभर जाड ठेवावा. तळ पातळ राहिला की कणीक ओल धरते, दिवा बसतो आणि द्रोण कलंडतो. दिवा द्रोणाच्या बरोबर मध्यावर चिकटवावा, कडेला सरकला तर पहिल्याच लाटेला उलटतो. वात फुलवात असावी, आधी तुपात भिजवून घेतलेली. लांब वात कडेवर टेकते आणि पान पेटते. तूप एक लहान चमचा पुरे, तेवढ्यात दिवा वीस मिनिटे सहज तेवतो. सोडताना द्रोण दोन्ही हातांनी पाण्यावर टेकवायचा, पाणी त्याला उचलून धरते आहे असे हाताला जाणवले की मगच हात काढायचे. वरून टाकलेला द्रोण बुडतो.

तेल मात्र टाळावे. चमचाभर तेल शांत पाण्यावर पसरत पसरत वीस गुंठ्यांपर्यंत जाऊ शकते. त्याचा तो पातळ पापुद्रा हवा आणि पाणी यांच्या मध्ये येतो. एका घरचा एक दिवा काही करत नाही. पण हजारो घरांचे तेलाने काठोकाठ भरलेले, उलटलेले दिवे अडवलेल्या पाण्यावर पडले की फरक पडतो. तूप थंडीत थिजते, द्रोणातच राहते आणि कणकेसकट मासे खातात. प्रत्येक घरी एकच दिवा पाण्यात सोडावा, बाकीचे पायऱ्यांवर लावावेत. घाटाच्या पायऱ्यांवर ओळीने लावलेल्या पणत्या आणि त्यांचे पाण्यात पडलेले प्रतिबिंब ज्याने पाहिले, त्याला दुसरे काही सांगावे लागत नाही.

नदीला दुधाचा अभिषेक हा अलीकडे वाढलेला प्रकार आहे. दूध कुजताना फार प्राणवायू खाते. एका लिटर दुधाला सुमारे १०० ग्रॅम प्राणवायू लागतो आणि आपल्या हवामानात एका लिटर पाण्यात तो ७-८ मिलिग्रॅम असतो. म्हणजे एक लिटर दूध साधारण साडेबारा हजार लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू संपवू शकते. एका मोठ्या टँकरपेक्षाही जास्त पाणी झाले हे. उन्हाळ्यात पात्र आटलेले असते, वरून सांडपाणी आलेले असते, मासे आधीच वर येऊन तोंड उघडत असतात. त्यात घागरीने दूध ओतायचे आणि दुसऱ्या दिवशी मेलेल्या माशांबद्दल हळहळायचे, हे माईला आवडेल का? पळीभर दुधाने अभिषेक पूर्ण होतो. उरलेले दूध घाटावरच्या लेकरांना द्यावे.

रक्षाविसर्जन. आपल्याच दैनिकात निधनवार्तेच्या शेवटी ‘रक्षाविसर्जन अमुक दिवशी सकाळी ९ वाजता’ अशी ओळ रोज छापून येते. हा दुःखातल्या माणसांचा विषय आहे, म्हणून सांभाळून लिहितो. अस्थी आणि रक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शास्त्राने तीर्थात सोडायला सांगितल्या त्या अस्थी. तिसऱ्या दिवशी चितेवर दूध-पाणी शिंपडून, पायाकडून सुरुवात करून डोक्याशी शेवट करत, अस्थी अलगद वेचायच्या. त्या ओंजळीत मावतील एवढ्याच असतात. नव्या सुती कापडात किंवा मातीच्या मडक्यात ठेवून त्या प्रवाहात सोडल्या की विधी पुरा होतो. उरलेल्या राखेचे काय करायचे हा सोयीचा प्रश्न आहे आणि सोय म्हणून ती पोत्यात भरून नदीत ओतली जाते.

चितेला तीन-चारशे किलो लाकूड लागते. शंभर किलो लाकडाची एक-दोन किलो राख धरली तर चार-सहा किलो राख आणि त्यात हाडांची दोन-तीन किलो, असा सुमार होतो. प्रत्यक्षात पोते याहून जड भरते, कारण त्यात अर्धवट जळालेली लाकडे, कोळसा, खालची माती आणि फुटलेले मडके येते. पुष्कळदा माणसाची गादी, उशी, औषधांच्या बाटल्याही त्याच्यासोबत नदीत जातात. हाडांच्या राखेत चुना आणि स्फुरद असतो. स्फुरद साचलेल्या पाण्यात उतरला की शेवाळ आणि जलपर्णी यांना खतच मिळते.

ही राख शेतात घेऊन एखादे झाड लावण्याची रीत आपल्या भागातल्या बऱ्याच घरांनी धरली आहे. ती चांगली आहे, पण तीत एक चूक होते. सगळी राख एकाच खड्ड्यात तळाला ओततात, वर रोप लावतात आणि ते महिन्याभरात करपते. मग घरच्यांच्या मनात नको त्या शंका येतात. कारण साधे आहे. राख अल्कधर्मी आणि खारट असते, त्यात आपली काळी जमीन मुळात क्षाराकडे झुकलेली. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्यावा. त्यातली माती, दोन-तीन घमेली कुजलेले शेणखत आणि फार तर अर्धे घमेले राख चांगली एकजीव करावी. रोपाच्या बुंध्याला राख लागू देऊ नये. उरलेली बांधाच्या कडेने पातळ पसरावी. पाऊस नसेल तर पहिले दोन महिने चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी द्यावे. अशा खड्ड्यात लिंब, आंबा, चिंच, वड, काहीही येते.

दहाव्याच्या पिंडांबद्दल एकच. कावळा शिवल्यावर पिंड नदीत सोडायला हरकत नाही, भात मासे खातात. पत्रावळ, द्रोण, प्लास्टिकचा पेला, फुलांची पिशवी हे मात्र सोडू नये. क्षौराचे केसही काठावर खड्डा करून पुरावेत, पाण्यात सोडलेले केस गाळाच्या जाळीत सर्वात चिवट अडकतात.

मूर्तिविसर्जनावर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात शिरत नाही. फक्त त्यामागचे मूळ आठवावे असे वाटते. हरतालिकेची पिंड नदीच्या वाळूची. खड्याच्या गौरी म्हणजे नदीवरून आणलेले पाच-सात खडे. पार्थिव गणपती नदीकाठच्या मातीचा. तिची वाळू तिला, तिचे खडे तिला, तिची माती तिला. जे तिच्यातून आले तेच तिच्यात परत गेले, म्हणून ते विसर्जन. प्लास्टर ऑफ पॅरिस हा कुठल्यातरी खाणीतला जिप्समचा दगड, भट्टीत भाजून आणलेला. तो कृष्णेतून आलेला नाही, मग कृष्णेत परत कसा जाईल?

निर्माल्य हा शब्द उच्चारला की सगळे कलशाकडे बोट दाखवतात. कलश ठेवला की काम संपत नाही. त्यातून आधी दोरा, अगरबत्तीच्या काड्या, कापराची वेष्टने, नारळ वेगळे काढावे लागतात. झेंडूच्या फुलांत पाणी फार असते, त्यांचा नुसता ढीग घातला की चौथ्या दिवशी चिखल होतो आणि वास सुटतो. फुलांची एक पाटी, कुट्टी केलेल्या उसाच्या पाचटाची एक पाटी आणि वर शेणकाला, असे थर द्यावेत. आठवड्याने ढीग खालीवर करावा. मूठ आवळल्यावर ओल जाणवली पण पाणी गळले नाही, तर बरोबर. दोन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत होते. पाचट आपल्याकडे शेतात जाळतात, घाटावर मात्र ते विकत घ्यावे इतके कामाचे आहे. कन्यागतात निर्माल्य ट्रॉलीने निघेल, तेव्हा पाचटाच्या गाड्या आधीच सांगून ठेवाव्यात.

घाटबांधणीत एक गोष्ट सांभाळावी. प्रत्येक घाटाच्या वर, पात्रापासून दूर, मलापकर्षण स्नानासाठी नळांची रांग आणि खाली शोषखड्डा हवा, आणि वस्त्र पिळायला दगडी कट्टा हवा. या दोन सोयी असल्या की साबण आणि मळ आपोआप वर राहतात. कपडे बदलण्याच्या खोल्या सगळेच मागतात, या दोन कुणी मागत नाही.

राहता राहिला पुरानंतरचा गाळ. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. नृसिंहवाडीला पाणी उत्तरेच्या दाराने आत शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा त्यात न्हाणे भाग्याचे मानतात, तो दक्षिणद्वार सोहळा. पुरालाही देवतेचे येणे समजणारे आपण लोक आहोत. पण ती परत जाताना पायऱ्यांवर वीतभर गाळ ठेवून जाते. तो ओला असताना फावड्याने आणि पाण्याच्या फवाऱ्याने खाली सरकतो. चार दिवस ऊन लागले की त्याचे दगडासारखे पापुद्रे होतात आणि ते खणून काढताना घडीव दगडाच्या कडा उडतात. गाळाखाली राहिलेल्या पायरीवर पुढे शेवाळ धरते, तिथेच माणसे घसरतात. शेवाळाला तारेचा ब्रश आणि जाड वाळू पुरते, पात्राच्या कडेला ब्लीचिंग पावडर टाकू नये.

म्हणून पाणी उतरू लागले की त्या दिवसापासून, उघडी पडेल ती पायरी त्याच दिवशी धुवायची. पाणी खाली जाईल तशी माणसेही एकेक पायरी खाली. सांगलीच्या घाटांवर हे काम करायला आम्ही दरवर्षी येतो. यंदा कोयनेतून आणि वारणेतून सोडलेले पाणी ओसरल्यावर, त्रिपुरी पौर्णिमेच्या आत शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचायचे आहे. फावडी, घमेली आणि खराटे आहेत, हात कमी पडतात.

आपले,
घाटावर विधी सांगणारे व घाटसफाई करणारे काही कृष्णाकाठकर,
सांगली